पाण्याचे भांडे काढू नका, रोज घासा

महोदय,

काळाचौकीत आमच्या चाळीच्या जिन्याखाली काळू नावाचा कुत्रा असतो. जुलैत पावसाची झड लागली होती. एका दुपारी तो माझ्या शिलाई मशीनजवळ येऊन बसला आणि खोलीभर गोडसर, कुजका वास पसरला. कानामागचे ओले केस बाजूला केले तर रुपयाएवढे भोक आणि आत वळवळणाऱ्या पांढऱ्या अळ्या. दोनच दिवसांपूर्वी तिथे दुसऱ्या कुत्र्याचा चावा दिसला होता. सुकेल म्हणून मी सोडून दिला, ही चूक माझी. जीभ पोचते ती जखम कुत्रा चाटून साफ ठेवतो. कानामागे, मानेवर, शेपटीच्या मुळाशी ते जमत नाही. तिथे माशी तांदळाच्या कणीसारखी अंडी घालते आणि एका दिवसात त्यांच्या अळ्या होऊन त्या जिवंत मांस खात आत शिरतात.

शेजारच्या काकू धावत फिनेल घेऊन आल्या. त्यांचा हेतू चांगला होता, पण मी ओतू दिले नाही. लहानपणी गावी बैलाच्या जखमेत रॉकेल ओतताना मी पाहिले आहे. त्याचे हंबरणे अजून कानात आहे. फिनेलने मांस भाजते, चाटले तर पोटात विष जाते, आणि मांजराला तर ते जिवावर बेतते.

टॅक्सी करून काळूला परळला बैलघोडा हॉस्पिटलात नेले. (बाई साकरबाई दिनशा पेटिट हे पाटीवरचे नाव आमच्या गिरणगावात कोणी घेत नाही.) डॉक्टरांनी केस कापले, टर्पेंटाइनचा बोळा भोकावर धरला. अळ्या वर येऊ लागल्या तशा चिमट्याने एकेक काढल्या, मग जखम मिठाच्या पाण्याने धुतली. खोलवरच्या अळ्या पहिल्या दिवशी सगळ्या निघत नाहीत, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही पाहावे लागते. पुढे घरी मी अर्धा लिटर पाणी उकळून गार करून, त्यात सपाट चमचाभर मीठ घालून जखम धुत राहिले. इंजेक्शन-गोळ्या मात्र मनाने देऊ नयेत. अळ्यांवरचे एक औषध लहान पिल्लांना आणि काही जातींच्या कुत्र्यांना सोसत नाही.

काळू सावरतो आहे तोच डासांच्या अळ्या शोधणारे पालिकेचे कर्मचारी आले. जिन्याखालच्या सिमेंटच्या भांड्यात त्यांना अळ्या सापडल्या. हॉस्पिटलच्या धावपळीत मी चार-पाच दिवस ते नुसतेच वरून भरत होते. कर्मचाऱ्यांनी पाणी ओतून दिले, ते योग्यच केले. पण चाळ समितीने दुसऱ्याच दिवशी फळ्यावर लिहिले: प्राण्यांसाठी पाणी ठेवू नये.

डेंग्यूची भीती मला कळते. पण डास व्हायला आठवडाभर पाणी साचून राहावे लागते. भांडे रोज रिकामे केले तर अळीचा डास होतच नाही. नुसते ओतून भागत नाही, कारण अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. काथ्याने कडा घासायला मला दोन मिनिटे लागतात.

भांडे काढले म्हणून काळूची तहान थांबली नाही. तो आता गटारालगतच्या डबक्यात तोंड घालतो. तिथे उंदरांचे मूत असते आणि त्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार) होतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर या शहराने तो भोगला आहे. कुत्र्याला झाला की त्याच्या मुतातूनही तो पसरतो, आणि त्याच जिन्याखाली आमची पोरे अनवाणी खेळतात. जुन्या मुंबईतल्या प्याऊंना बैल-घोड्यांसाठी खाली वेगळा हौद असायचा, तो उगाच नव्हता.

समितीला मी लिहून दिले आहे की भांडे रोज सकाळी सातला मी घासीन, आणि ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी ते पालथे ठेवीन. आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या जिन्याखाली असे कुत्रे-मांजर असेल, त्यांनी पाऊस आहे तोवर रोज एकदा त्याच्या कानामागे आणि शेपटीखाली बघावे. वास येईपर्यंत थांबू नये. मी थांबले होते.

समितीचे उत्तर अजून आलेले नाही. भांडे घासून माझ्या दाराशी पालथे ठेवले आहे.

— शिवणकाम करणारी एक वाचक, काळाचौकी, मुंबई