दोष लिनक्सचा नव्हे, गच्चीवरच्या तारेचा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पावसाळा लागला की इंदुरात केबल इंटरनेटच्या तक्रारी वाढतात. घरात लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी वापरल्या जाणाऱ्या मोफत प्रणालीवर, चालणारा कॉम्प्युटर असला, की दुरुस्तीला आलेला माणूस मोडेमकडे न बघताच ‘यात विंडोज टाकून घ्या’ असे सांगून मोकळा होतो. हा सल्ला चुकीचा आहे. मोडेमच्या पलीकडे कोणती प्रणाली आहे याच्याशी तारेतल्या सिग्नलला काहीही देणेघेणे नसते. या सल्ल्यापायी विद्यार्थ्यांचे आणि निवृत्त मंडळींचे उत्तम चालणारे कॉम्प्युटर पुसले जातात आणि नेट पुन्हा बंद पडते ते पडतेच. बिघाड कुठे आहे ते घरच्या घरी कळू शकते, म्हणून हे पत्र.

आधी कॉम्प्युटरची बाजू तपासून घ्यावी. वाय-फाय बंद करून लॅन केबल थेट मोडेमला लावा. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ‘एथटूल’ (ethtool) लिहून पुढे नेटवर्क कार्डाचे नाव दिले, की लिंक आहे की नाही आणि वेग किती, ते दिसते. वेग १००० ऐवजी १०० (मेगाबिट) आला, तर बहुधा लॅन केबलच्या आठ तारांपैकी एखादी तुटलेली असते किंवा पिनेत नीट बसलेली नसते. १०० ला चार तारा पुरतात, १००० ला आठही लागतात.

मग ‘आयपी ए’ (ip a) ही आज्ञा. कॉम्प्युटरला मिळालेला नेटवर्कवरचा पत्ता ती दाखवते. पत्ता मिळालेलाच नसेल, किंवा तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर डीएचसीपीचे, म्हणजे आपोआप पत्ता वाटणाऱ्या व्यवस्थेचे, उत्तर आलेले नाही. पुष्कळ केबल मोडेम चालू झाल्यावर पहिले जे यंत्र दिसेल त्याचाच मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळख-क्रमांक) धरून बसतात. राउटर काढून तिथे कॉम्प्युटर लावला तर त्याला दाद देत नाहीत. मोडेमची वीज काढा, दोन मिनिटे थांबा, कॉम्प्युटर जोडलेला ठेवूनच वीज परत द्या. हल्ली मोडेमला छोटा यूपीएस लावलेला असतो, त्यामुळे भिंतीवरचे बटण बंद करून मोडेम बंद होत नाही. पिन मोडेममधूनच उपसावी लागते. ऑपरेटरने जुन्या यंत्राचा मॅक पत्ता आपल्याकडे बांधून ठेवला असेल, तर फोन करून नवा नोंदवून घ्यावा.

पत्ता आहे आणि तरी काही उघडत नाही, अशा वेळी तीन पिंग (ping, म्हणजे समोरून उत्तर येते का ते पाहणारी आज्ञा) ओळीने करावेत. पहिला मोडेमला (बहुतेक केबल मोडेमचा पत्ता १९२.१६८.१००.१ असतो), दुसरा इंटरनेटवरच्या १.१.१.१ या पत्त्याला, तिसरा एखाद्या वेबसाइटच्या नावाला. फक्त तिसरा अडला तर भानगड डीएनएसची, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या व्यवस्थेची. उबुंटूसारख्या लिनक्सच्या वितरणात त्यासाठीची ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’ (resolv.conf) फाइल हाताने बदलू नये, ती पुन्हा लिहिली जाते. कनेक्शनच्या सेटिंगमध्येच डीएनएस भरावा. जिथे नाव-पासवर्ड देऊन पीपीपीओईने जोडणी होते, तिथे काही साइट उघडतात आणि काही अर्ध्यावर लटकतात, असे झाल्यास एमटीयू (एका वेळी पाठवायच्या माहितीच्या तुकड्याचा कमाल आकार) १५०० वरून १४९२ करून पाहावा.

पहिला पिंग चालतो आणि दुसरा अडतो, किंवा मध्येमध्ये गळतो, तेव्हा कॉम्प्युटर बहुतेक वेळा दोषातून सुटला. आता १९२.१६८.१००.१ हा पत्ता ब्राउझरमध्ये उघडा. डाउनस्ट्रीम पॉवर (मोडेमकडे येणाऱ्या सिग्नलची ताकद) उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्ही, एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती ते) ३३ डेसिबलच्या वर आणि अपस्ट्रीम पॉवर (मोडेमने पाठवलेल्या सिग्नलची ताकद) साधारण ३५ ते ४९ डीबीएमव्ही असेल तर तार ठीक. अपस्ट्रीम ५० च्या पुढे गेली, तर वाटेत सिग्नल खाणारे काहीतरी आहे आणि मोडेमला घसा ताणून ओरडावे लागते आहे. नोंदींत ‘टी ३ टाइमआउट’ पुन्हापुन्हा दिसणे म्हणजे मोडेमच्या हाकेला ऑपरेटरच्या केंद्राकडून ओ येत नाही. नोंदीवर १ जानेवारी १९७० अशी तारीख असेल, तर मोडेमला त्या वेळी केंद्राकडून घड्याळाची वेळसुद्धा मिळालेली नव्हती.

सिग्नल खातो कोण? राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या वाड्यांत, मराठी मोहल्ल्यात गच्च्यांवरून गेलेल्या तारा पाहा. टीव्हीसाठी एकामागून एक स्प्लिटर (एका तारेच्या अनेक वाटा करणारे जोड) लावलेले असतात. दोन वाटांचा स्प्लिटर प्रत्येक वाटेला सुमारे साडेतीन डेसिबल खातो, चार वाटांचा सात. म्हणून आत येणारी तार आधी दोन वाटांच्या स्प्लिटरला द्यावी, एक वाट थेट मोडेमला, आणि टीव्हींची सगळी वाटणी दुसऱ्या वाटेवर.

दुसरा चोर म्हणजे पाणी. बाहेरचा एफ-कनेक्टर (केबलच्या टोकाचा पेचाचा जोड) उघडून नीट पाहा. मधली तार कनेक्टरच्या कडेपुढे तीनएक मिलिमीटर यावी, भोवतीचा पांढरा थर आतल्या बैठकीशी सपाट असावा, आणि त्याभोवतीच्या धातूच्या जाळीचा एकही केस मधल्या तारेला टेकता कामा नये. तारेवर हिरवट पूड किंवा जाळीवर काळपटपणा दिसला तर पाणी आत शिरलेले आहे. ते जाळीतून वातीसारखे वर चढते, त्यामुळे नुसता कनेक्टर बदलून भागत नाही. जाळी स्वच्छ चकचकीत दिसेपर्यंत ही केबलची तार (आरजी-६) मागे कापावी, कधी फूटभरही कापावी लागते. नवा कनेक्टर दाबून बसवायचा, कॉम्प्रेशन प्रकारचा घ्यावा. साधी इन्सुलेशन टेप उन्हाने सुटते. रबराची, स्वतःशीच चिकटणारी टेप गुंडाळावी. खिडकीतून तार आत घेण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाते.

ज्यांच्याकडे फायबर आहे त्यांना हे आकडे लागू नाहीत. तिथे ‘एलओएस’चा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागला की तक्रार ऑपरेटरकडेच.

काही ऑपरेटर मोडेमचे हे पान ग्राहकाला बंद करून ठेवतात. ते उघडे ठेवावे, आणि दुरुस्तीच्या पावतीवर काम होण्याआधीचे व नंतरचे पॉवर आणि एसएनआरचे आकडे लिहून द्यावेत, अशी शहरातल्या सर्व ऑपरेटरांना आपल्या पत्राद्वारे विनंती आहे. ग्राहकांनीही तक्रार नोंदवताना ‘नेट चालत नाही’ एवढ्यावर न थांबता कुठला पिंग अडला, अपस्ट्रीम किती होती आणि वेळ काय होती, हे लिहून घ्यायला लावावे.

आपला,
एक लिनक्स वापरणारा वाचक
लोकमान्य नगर, इंदूर