सुई दुखते ती हातामुळे

महोदय,

मानदुखी-गुडघेदुखीसाठी पुण्यात अ‍ॅक्युपंक्चर सुरू करणारे काही जण ‘फार टोचतं’ म्हणून मध्येच सोडतात. दोष बहुधा सुईचा नसतो. ती जेमतेम ०.२५ मिलिमीटर जाड; दुखते ते मुख्यतः त्वचेतून जाताना. नळीत धरून टिचकीसरशी आत घातली तर फारशी जाणवत नाही, हळूहळू रेटली तर झोंबते. स्पिरिट वाळण्याआधी टोचली तरी आग होते. एवढं थांबायला काय हरकत आहे?

आत गेल्यावर जडपणा, ताण, मंद ठणका अपेक्षितच. विजेसारखी कळ मात्र नव्हे. ती आली तर सुई मज्जातंतूजवळ आहे. थोडी मागे घेऊन दिशा बदलावी. एकाच दिशेने फिरवत राहिल्यास ऊतींचे तंतू तिच्याभोवती गुंडाळले जातात आणि सुई अडकते. तेव्हा ओढू नये, उलट फिरवून सोडवावी. खांद्यावर सरळ आणि खोल सुई घातली तर फुप्फुसाला छिद्र पडू शकतं.

रुग्णांनी कळ दाबून ठेवू नये, लगेच सांगावी. आणि सुयांचं निर्जंतुक पाकीट आपल्यासमोर फोडायला लावावं.

– एक अ‍ॅक्युपंक्चर चिकित्सक, सदाशिव पेठ, पुणे