मॉनिटरिंग सरसकट बंद करायचा सल्ला पटला नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

छोट्या ऑफिसातला सर्व्हर फास्ट कसा करायचा यावर तुमच्या पुरवणीत लेख आला होता, बाकी चांगला होता, पण "शेड्यूल केलेली मॉनिटरिंगची कामं बंद करून टाका" हे जे एका ओळीत उरकलंय ते डेंजर आहे. मी पतसंस्था, छोटी हॉस्पिटलं अशा ठिकाणचे लिनक्स सर्व्हर सांभाळतो, आणि लोड वाढला की पहिली कुऱ्हाड क्रॉनटॅबवरच (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) पडते हे रोज बघतो.

अहो, आधी कोण किती खातंय ते तरी बघा. सिसस्टॅट, म्हणजे सर्व्हरवरच्या लोडची नोंद ठेवणारं टूल, साधारण दर १० मिनिटांनी आकडे गोळा करतं, क्षणभर चालतं नि संपतं, ते बंद करून वाचणार काय? उलट काल संध्याकाळी क्लोजिंगच्या टायमाला सगळं का अडकलं असं मॅनेजरने विचारलं की हेच आकडे दाखवतात सीपीयू भरला होता की डिस्क. ते नसले की मग नुसता अंदाजपंचे कारभार, आणि खापर नेटवर्कवाल्यावर.

जड काम म्हणजे रेडची (एक डिस्क गेली तरी डेटा वाचावा म्हणून एकत्र जोडलेल्या डिस्क) तपासणी. डेबियन या लिनक्समध्ये ती महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री एकच्या सुमारास सुरू होते, डिस्क मोठ्या असल्या की तासन्‌तास चालते, आणि नाइट शिफ्टवाले हॉस्पिटलातून फोन करतात. तरी ती बंद करू नये, स्पीड लिमिट कमी करावी किंवा वेळ बदलावी, कारण वर्षभर कोणी न वाचलेला खराब सेक्टर दुसरी डिस्क गेल्यावर रिबिल्डच्या, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा परत भरण्याच्या, वेळीच सापडला तर डोक्याला हात लावून बसायची वेळ येते.

बऱ्याचदा खरा घोळ वेगळाच असतो, सगळ्या स्क्रिप्ट एकाच मिनिटाला सुटतात, त्यात एकाच मशीनवर चार-पाच व्हर्च्युअल सर्व्हर. मिनिटं पुढेमागे करा, नाइस लावा म्हणजे काम कमी प्राधान्याने चालेल, आधीचं संपल्याशिवाय दुसरं सुरू होऊ नये म्हणून एफलॉक लावा, निम्मी कटकट जाते.

बंद करण्यासारखंही असतंच की. जुन्या व्हेंडरचा एजंट प्रोग्रॅम, जो कधीच बंद झालेल्या सर्व्हरला डेटा पाठवत बसलाय, तो खुशाल काढा. पण "या कामाची कधी मेल येतच नाही, म्हणजे हे काम फुकटचं" असं म्हणू नका. २०१७ च्या जानेवारीत गिटलॅब या कोड साठवायची सेवा देणाऱ्या कंपनीचा डेटाबेस चुकून उडाला तेव्हा कळलं की बॅकअप फेल होत होते आणि तसं सांगणाऱ्या क्रॉनच्या मेल डीमार्क या मेल खरी की खोटी ते तपासणाऱ्या पद्धतीमुळे रिजेक्ट होत होत्या, कुणाला पत्ताच नाही. जवळपास सहा तासांचा डेटा गेला त्यांचा.

आणि बंद केलंच तर ओळ उडवू नका, ओळीच्या सुरुवातीला हॅश (#) टाका म्हणजे ती चालणार नाही, आणि शेजारी तारीख, नाव, कारण लिहा. एका ठिकाणी डिस्क फुल झाल्याची अलर्ट स्क्रिप्ट अशीच हॅश मारलेली सापडली, ऑफिसात सगळे म्हणतात मी नाही मी नाही.

पुढच्या लेखात रेडबद्दल जरा सविस्तर छापलंत तर बरं होईल.

आपला,
एक वाचक, सांगली