आई, मानेला कुणी हात लावायच्या आधी

आई, बाबा,

फोनवर आईच्या डोकेदुखीचा विषय काढला की बाबा "अगं होईल बरं" म्हणतात आणि आई तू लगेच माझ्या कामाबद्दल विचारायला लागतेस, म्हणून सरळ लिहूनच पाठवतेय. आई, तू स्वतः वाच, बाबांकडून वाचून घेऊ नको, ते मधलं गाळतात.

सगळ्यात आधी कालचं. फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस की हल्ली विंचरताना कानशिलाजवळ दुखतं, फणी लागली तरी नको वाटतं. मी काही विचारायच्या आत फोन ठेवलास, आणि मला मात्र रात्रभर झोप नाही. चार महिन्यांपासून डोकं दुखतंय ते मानेमुळेच असं आपण सगळ्यांनी गृहीत धरलं, मीसुद्धा, कारण माझं तसंच होतं. पण पन्नाशीनंतर नव्यानेच डोकेदुखी सुरू झाली आणि त्यात कानशील हात लावला की दुखत असेल तर डॉक्टर एक वेगळी शंका आधी घेतात. डोक्याच्या रक्तवाहिन्यांना सूज येते असा एक आजार आहे, त्यात चावताना जबडाही भरून येतो, आणि वेळेत औषध सुरू झालं नाही तर नजर जाऊ शकते. तुला तेच असेल असं मी म्हणत नाहीये, बहुतेक नसेलही. पण ईएसआर आणि सीआरपी, या अंगात कुठे सूज आहे का ते सांगणाऱ्या रक्ताच्या साध्या तपासण्या आहेत, त्या उद्याच करा, सोमवारची वाट बघू नका. आणि मधेच एका डोळ्याने अंधुक दिसलं किंवा एकाचे दोन दिसले तर उद्याची पण वाट नाही बघायची, त्याच मिनिटाला इमर्जन्सीला जायचं. बाबा, हे तुमच्यासाठी लिहिलंय, ती सांगणार नाही.

आता तुमचा तो व्हिडिओ. माणूस टेबलावर आडवा, कायरोप्रॅक्टर, म्हणजे हातांनी मणके-सांधे हलवून उपचार करणारा, त्याचं डोकं दोन्ही हातांत धरतो, जरासं वळवतो आणि कट्ट, मग तो माणूस उठून हसतो आणि तुम्ही खाली लिहिलंय "हिला नेऊ का?" बाबा, मला राग नाही आला, उलट बरं वाटलं की तुम्ही स्वतःहून शोधताय. आणि मी कुठल्या तोंडाने नको म्हणू, मी स्वतःच गेलेय की! तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, उगाच काळजी कराल म्हणून.

गेल्या वर्षी माझं उजव्या बाजूचं डोकं ठणकायचं. कवटीच्या बुडाशी, मान सुरू होते ना तिथल्या खळग्यातून कळ निघायची, कानामागून वर चढायची आणि डोळ्याच्या मागे येऊन ठाण मांडायची. मी मायग्रेन मायग्रेन म्हणत बसले, डोळे तपासले, सायनसच्या गोळ्या खाल्ल्या, काही नाही. गाडी रिव्हर्स घेताना मागे वळून बघितलं की मात्र हमखास सुरू, आणि हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, त्या कायरोप्रॅक्टर बाईंनी विचारलं तेव्हा आलं. पहिल्या दिवशी त्यांनी काहीच कटकन वाजवलं नाही, नुसते प्रश्न. कधी पडलात का, हात बधिर होतात का, चालताना तोल जातो का, बीपी, गोळ्या, सगळं. मग पाठीवर झोपवलं, हनुवटी छातीला टेकेल इतकी मान पुढे वाकवली आणि तशीच ठेवून डोकं डावीकडे वळवलं, ते छान गेलं. उजवीकडे वळवलं तर अर्ध्यातच अडकलं आणि तीच ओळखीची कळ डोळ्यामागे. त्या म्हणाल्या, हे दुखणं डोळ्याचं नाही, मानेचं आहे.

मला तेव्हा पटेना की दुखतंय डोळ्यामागे आणि दोष मानेचा कसा. तर मानेतल्या वरच्या तीन नसा आणि कपाळाकडून, डोळ्याकडून येणारी नस मेंदूच्या बुडाशी एकाच ठिकाणी येऊन पोचतात. दोन दारांची बटणं एकाच बेलला जोडली तर बेल वाजते पण कोण कुठल्या दारात उभंय ते घरातल्याला कळत नाही, तसं मेंदूचं होतं. मान उजवी-डावी जितकी वळते त्यातलं जवळजवळ अर्धं वळण एकट्या पहिल्या दोन मणक्यांच्या सांध्यात होतं, तो आखडला की बाकीच्यांवर ताण येतो.

आता तो कट्ट आवाज. दुसऱ्या वेळी माझीही वाजली. हाड सरकून जागेवर बसलं असं काही नसतं बाबा, सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा होतो त्याचा तो आवाज, बोटं मोडताना येतो तोच. मला भारी मोकळं वाटलं आणि तिसऱ्या दिवशी डोकं पुन्हा ठणकायला लागलं! शेवटी फरक पडला तो हाताने केलेले उपचार आणि रोजचा व्यायाम दोन्ही चालू ठेवल्यावर, दीड महिना लागला. ऑस्ट्रेलियात अशाच डोकेदुखीच्या २०० जणांवर प्रयोग झाला होता, २००२ मध्ये छापून आला, त्यात फिजिओंनी हाताने केलेले उपचार आणि मानेचा व्यायाम दोन्ही उपयोगी पडले आणि वर्षाने बघितलं तरी फायदा टिकून होता. व्यायाम तरी काय, पाठीवर झोपायचं, मानेखाली टॉवेलची बारीक गुंडाळी, आणि होकार द्यावा तशी हनुवटी जराशी आत घ्यायची, दहा सेकंद धरायची, सोडायची. दिसायला इतकं फालतू की मला फसवल्यासारखं वाटलं, पण पाचव्या वेळेला मान थरथरायला लागली.

मग आईला का नको, तर आई आणि मी एक नाही. तिच्या हाडांचा मागचा रिपोर्ट आठवा, ठिसूळ झालीयेत म्हणून कॅल्शियम आणि ती आठवड्याची गोळी चालू आहे ना? अशा मानेला झटका देऊन वाजवायचं नसतं. शिवाय मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या भोकांतून वर जातात आणि पहिल्या मणक्याभोवती वळसा घेतात, झटक्यानंतर तिथे आतून चीर पडून स्ट्रोक आल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत. फार क्वचित होतं. काही वेळा तर चीर आधीच पडलेली असते आणि मान दुखते म्हणून माणूस तिथे गेलेला असतो. म्हणूनच आधी डॉक्टर, रक्त, मग मान. सगळं ठीक निघालं आणि मानेचंच ठरलं तर खुशाल जाऊ, कायरोप्रॅक्टर असो की फिजिओ, मीही येते, पण आत गेल्या गेल्या हाडांचं सांगायचं आणि झटका नको, हळू हळू हलवण्याचे प्रकार असतात तेच करा म्हणायचं. न विचारता, न तपासता थेट मानेला हात घालणारा असेल तर उठून यायचं. आणि एक्सरे दाखवून "मणक्यांतली गॅप कमी झालीये" म्हणत पन्नास सिटिंगचं पॅकेज गळ्यात मारायला लागला तरी उठून यायचं. या वयात एक्सरेत झीज दिसतेच, ज्यांची मान कधी दुखली नाही त्यांच्यातही.

आई, आता तुझी चोरी. मागच्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर तुझ्या मागे टेबलावर गोळ्यांची स्ट्रिप दिसली, दहातल्या दोनच उरल्या होत्या, आणि तू मला "कधीतरी एखादी घेते" म्हणाली होतीस. महिन्यातले पंधरा किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांवर साधं वेदनाशामक चाललं तरी त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. घेतेस ते डॉक्टरला खरं सांग, लपवू नको, मी रागावणार नाही. (थोडी रागावेन.)

आणि हो, व्हिडिओ कॉलवर मला तुझी फक्त हनुवटी आणि नाकपुड्या दिसतात. हसू नको. नव्या चष्म्याच्या खालच्या भागातून स्क्रीन दिसावी म्हणून तू डोकं मागे टाकून बसतेस, तासभर नातवाशी बोलतेस तेवढा वेळ मान तशीच दुमडलेली. फोन उचलून धर, नाहीतर बाबांना स्टँड लावून द्यायला सांग, किंवा फक्त जवळचं दिसणारा साधा चष्मा वेगळा करून घे.

मी सकाळी फोन करतेच, निघालात का विचारायला. रिपोर्ट आला की फोटो पाठवा, सगळी पानं, बाबा, नुसतं "नॉर्मल आहे" असा मेसेज नको. आणि तो व्हिडिओ तुम्ही मामालाही फॉरवर्ड केलाय म्हणे, त्याच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, त्याला आजच फोन करून मान वाजवून घ्यायला जाऊ नको म्हणून सांगा.

तुमची,
धाकटी