माथेरानची गाडी आमच्या गच्चीत धावली, ती तुमच्यामुळे

नेरळ-माथेरान मार्गाची प्रतिकृती अखेर सुरू झाली. 1907 साली आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने उभारलेल्या या दोन फूट अंतराच्या रुळांवर माझा जीव आहे. आम्ही प्रमाण धरलं 1:19, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर 32 मिलिमीटर.

सगळ्यात आधी आभार लेथवाल्या काकांचे. जुन्या जर्मन वाफेच्या इंजिनांचे पुढचे-मागचे आस वळणावर थोडे बाजूला सरकायचे, म्हणूनच ती घाटातली अवघड वळणं घेऊ शकायची. ही गंमत त्यांना इतकी आवडली की दुकान बंद झाल्यावर बसून त्यांनी पितळेचे बारकेसे भाग घडवून दिले. एक पैसा घेतला नाही!

सुतारदादा, घाटातला चढ वीसास एक, म्हणजे वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर, आहे म्हटल्यावर तुम्ही प्रत्येक ठोकळ्याखाली पेन्सिलीने उंची लिहून ठेवलीत. ते आकडे पुसायचे नाहीत, असं घरात सगळ्यांना बजावलंय.

रेल्वेतून निवृत्त झालेल्या मुकादमांनी खडी कशी दाबायची ते शिकवलं. शेजारच्या मुलांनी लाल माती मैद्याच्या चाळणीने चाळली, तीही दोनदा. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी ठोकाठोकीबद्दल कधी तक्रार केली नाही, उलट चहा पाठवला.

जुम्मापट्टी आणि वॉटर पाईप स्टेशनं तयार आहेत. अमन लॉज व्हायचंय. रविवारी सकाळी गाडी सुटते, सगळ्यांनी नक्की या.