म्हातारबांच्या डोळ्यांचं कसं करू, सद्या?

मेम्फिस, फेब्रुवारीअखेर

प्रिय सद्या,

म्हातारबांना गळाच्या काठ्यांची टोकं दिसत नाहीत. शनिवारी माझी खात्री पटली आणि तेव्हापासून मनातल्या मनात मी तुझ्याशीच बोलतोय. हिला सांगितलं तर ती म्हणाली, "मग त्यांना स्पष्ट सांगा." बरोबरच आहे तिचं. पण हे असलं सांगणं काय असतं ते तिला कुठून कळणार? अप्पांच्या वेळी धोमच्या काठावर आपण दोघंच होतो.

माझी शुगर आटोक्यात आहे, हिची पाठ बरी आहे. ते झालं.

मी बोटीचा फोटो पाठवला होता तेव्हा तू म्हणालास, "ही मासेमारी आहे की मांडव घालताय?" तर आता नीट ऐक, कारण हे समजल्याशिवाय माझी चिंता तुला समजणार नाही. बोटीच्या नाकावर दोन खुर्च्या शेजारी शेजारी. पुढे लोखंडी दांड्यावर काठ्या अडकवायच्या, एकेक बारा-चौदा फुटांची, पंख्यासारख्या पसरलेल्या. आम्ही दोघांत सहा लावतो. प्रत्येक तंगुसाला अर्ध्या औंसाचं शिसं, त्याच्या वर एक गळ, खाली एक गळ, दोन्हींना जिवंत मिनो, म्हणजे बोटाएवढी मासोळी. नाकावरची विजेची मोटर पायातल्या पेडलने चालवायची आणि बोट पुढे ढकलत न्यायची, तासाला जेमतेम अर्धा मैल. अंगणात रांगणारं पोर आम्हाला मागे टाकेल. पण वेग जरा वाढला की शिसं मागे तरंगतं, आमिष वर येतं आणि बारा फुटांवर ठेवलेला गळ आठ फुटांवर जातो. फार हळू झालं की तंगूस सैल पडून बुडालेल्या खोडांत अडकतो. म्हणून वाऱ्याच्या तोंडावर जायचं, आणि वारा जास्त असला तर मागे साखळी सोडायची, म्हणजे बोट डोलत नाही. सगळं त्या पेडलवरच्या पायावर. ज्याचा पाय पेडलवर, तो बोटीचा धनी. तो पाय म्हातारबांचा आहे.

आता खरी गोष्ट. क्रॅपी, म्हणजे आम्ही धरतो तो इथला मासा, खालून वर येऊन आमिष घेतो. शिशाच्या भाराने काठीचं टोक थोडं वाकलेलं असतं. मासा आमिष तोंडात धरून वर उठला की भार हलका होतो आणि टोक सरळ होतं. एखादा इंच, तेवढंच. ओढ लागली तर हाताला कळेल, पाण्याचा आवाज होईल. हे टोकाचं उठणं फक्त डोळ्यांनाच कळतं. आणि झटका द्यायचा नाही, कारण क्रॅपीचे ओठ इतके पातळ की फाटतात. हलक्या हाताने उचलायचं, दुसऱ्याने लांब दांड्याची जाळी खाली धरायची. हे सगळं मला त्यांनी शिकवलं. मी या गावात आलो तेव्हा ऑफिसबाहेर मला नावाने हाक मारणारा हाच एक माणूस होता.

शनिवारी ग्रेनाडा तलावावर गेलो. इथून दक्षिणेला शंभर मैल. मोटार मी चालवतो, गुडघा दुखतो म्हणून चावी त्यांनी मागच्या हिवाळ्यापासून माझ्याकडे दिली आहे. (गुडघ्यावर माझा विश्वास होता, सद्या. आता कळतंय.) हिवाळ्यात पुराच्या पाण्याला जागा हवी म्हणून हा तलाव खाली उतरवतात, त्यामुळे काठाची खोडं उघडी आणि आतली जेमतेम बुडालेली. पाणी थंडगार. आम्ही स्कूना नदीच्या फाट्यात खाडीच्या तोंडाशी बारा फुटांवर होतो. त्यांच्या मधल्या काठीचं टोक वर आलं आणि तसंच राहिलं. ते त्या काठीकडेच बघत होते. मी वाट पाहिली, कारण दुसऱ्याच्या काठीबद्दल ओरडणं त्यांना खपत नाही. मग त्यांनी मान वळवली, पार डावीकडे, काठावरच्या झाडांकडे. आणि मान वळवल्यावर हात काठीकडे गेला. तोवर मासा गेलेला. पुन्हा तसंच. पुन्हा तसंच. सबंध सकाळ ते एखादी काठी बघायची असली की तिच्यापासून तोंड फिरवत होते.

मागच्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं होतं की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय. ते हे मला चहा पिता पिता बोलले आणि नंतर कधी तो विषय काढला नाही. मधला भाग झिजला की सरळ बघितलेली वस्तूच नाहीशी होते, कडेचं दिसत राहतं. म्हणून ते कडेने बघतात. अप्पांचं नेमकं उलट होतं ना? काचबिंदूने त्यांच्या कडा खाल्ल्या, मध्ये नळीएवढं उरलं. तीन काठ्यांपैकी समोरची दिसायची, बाकी दोन्ही नाहीत. आणि तरी ते रोज तिन्ही लावायचे.

आता भांडणावर येतो, कारण ते टाळून हे पत्र पुढे जाणार नाही. तू त्या दोन काठ्या माळ्यावर टाकल्यास आणि अप्पांना सांगितलंस की त्या मोडल्या. मी तेव्हाही म्हणालो होतो आणि आजही म्हणतो, सद्या, त्यांना खरं सांगायला हवं होतं. तू म्हणालास, "तुला काय जातंय, तू उद्या विमानात बसशील." ते मला फार लागलं होतं. आता तुझ्या जागी मी आहे, बोटीत आहे, विमानात नाही, आणि तरी माझं मत बदललेलं नाही. पण ते सांगायचं कसं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आत्ताही नाही. म्हणून तुला विचारतोय.

मासा सुटला तर सुटू दे, इथे बारा इंचांखालचे तसेही सोडावेच लागतात. भीती परतीची आहे. संध्याकाळी मोठी मोटर चालू करून ते सुकाणूवर बसतात. तळाचं त्यांना सगळं पाठ आहे. 1954 मध्ये याझू नदीच्या खोऱ्यातले पूर अडवायला यालोबुशा नदीवर हे धरण झालं तेव्हा ते शाळेत होते, त्यांच्या चुलत्याचं शेत पाण्याखाली गेलं. जुना रस्ता कुठून जायचा, ओढ्याला वळण कुठे होतं, कुठल्या बांधावर खोडं आहेत, डोळे मिटून सांगतील. आपल्या अप्पांना नव्हतं का धोमखाली गेलेल्या गावातलं प्रत्येक घर माहीत? पण पाण्यावर उभी असलेली दुसरी बोट कुठल्या आठवणीत असणार? शनिवारी एक बोट समोर थांबलेली होती, दोन पोरं, यंत्राच्या पडद्यात डोकं घालून. मी ओरडलो, त्यांनी वळवली, आम्ही वीस-पंचवीस फुटांवरून गेलो. "दिसली होती मला," एवढंच म्हणाले. धक्क्यापर्यंत पुढे एक शब्द नाही.

त्या पोरांवरून आठवलं, तुला आनंद होईल. 2018 पासून इथे समोर बघणारं 'सोनार' यंत्र आलंय, आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं दाखवणारं. पडद्यावर एकेक मासा दिसतो, मग एकच काठी घ्यायची आणि त्याच्या नाकासमोर आमिष धरायचं. स्पर्धा जिंकणारे आता बहुतेक असेच मारतात. तुझा "एक माणूस, एक काठी" हा पक्ष अमेरिकेत बहुमतात येतोय, पेढे वाट. म्हातारबांना मात्र त्या पडद्याचा उपयोग नाही, तोही सरळच बघावा लागतो.

आणि ते का सोडत नाहीत तेही सांगतो. शेजारच्या एनिड तलावाच्या पाण्यात 1957 मध्ये पाच पौंड तीन औंसांचा पांढरा क्रॅपी मिळाला होता. तो जागतिक विक्रम अजून तुटलेला नाही. म्हातारबांची ठाम समजूत आहे की तो ग्रेनाडात तुटणार, मार्चमध्ये, अंडी घालायला मासे वर सरकायच्या आधी, आणि तेव्हा आपण पाण्यावर असायला हवं. हे ते हसत सांगतात, पण हसण्यावारी नेत नाहीत. माझाही विश्वास बसलाय.

त्यांच्या मुलीला फोन करणं सोपं आहे. ती नॅशव्हिलला असते, चांगली आहे, बापावर जीव आहे. पण आठवड्यात बोट विकली जाईल. नाताळात तिने मला विचारलं होतं, "पाण्यावर ठीक असतात ना?" तेव्हा ठीक होते. पुन्हा विचारेल तेव्हा मी खोटं बोलणार नाही. म्हणून तिने विचारायच्या आत मला त्यांच्याशीच बोलायचंय, बोटीत, घरी नाही. घरी ते यजमान होतात, कॉर्नब्रेड पुढे करतात आणि विषय संपतो.

माझ्या मनात असं आहे: सुकाणू आणि पेडल दोन्ही मी घ्यायचं. त्यांनी एकच काठी घ्यायची, हातात, दांड्यावर नाही, तंगूस तर्जनीवर. उठाव झाला की बोटावरचा भार जातो, तेवढं बोटाला कळायला हवं. जागा आणि खोली त्यांनी सांगायची, कारण तळ त्यांच्या डोक्यात आहे. बाकीच्या काठ्या कायद्यात बसतील तेवढ्या माझ्या. पण ज्याने मला पेडल शिकवलं, त्याला "पाय काढा" असं कुठल्या तोंडाने म्हणू? इथे दक्षिणेत वडीलधाऱ्यांशी बोलताना वाक्य 'सर' म्हटल्याशिवाय संपत नाही. "पाय काढा, सर"?

तर मला दोन गोष्टी सांग. एक, अप्पा शेवटी बोटावर तंगूस धरून बसायचे, ते तू शिकवलंस की त्यांचं त्यांनी शोधलं? काठीचं घुंगरू त्यांनी का काढून टाकलं होतं? (बोटीत घुंगराचा उपयोगच नाही, लाटेने सहाही वाजतील.) दुसरं, त्या रात्री मी निघून गेल्यावर तुमच्यात काय झालं ते तू मला कधीच सांगितलं नाहीस. काठ्या माळ्यावर आहेत हे त्यांना कळलं होतं का? मला ते हवंय. भांडण उकरायला नाही, लेका. मला म्हातारबांसमोर बसायचंय.

धाकटीचं ठरलं हे वहिनींकडून कळलं, फार बरं वाटलं, मुलगा साताऱ्याचाच ना? तारीख कळव, आम्ही येणारच. हळद काढून झाली का? गच्ची गळते म्हणाला होतास, पावसाआधी करून घे बाबा. परवा क्रॅपी आपल्यासारखा तिखट-मीठ-कोकम लावून रव्यात तळला, म्हातारबांनी पाच तुकडे खाल्ले आणि मक्याच्या पिठाचं नावसुद्धा काढलं नाही.

पुढच्या शनिवारी वारा फार आहे म्हणून जायचं नाही असं मी त्यांना सांगितलंय, आणि वारा खरंच आहे. त्याच्या पुढच्या शनिवारी जायचंय. तोवर लिही. फोनवर तू "बरं बरं" करून ठेवून देतोस, म्हणून लिहूनच पाठव, आणि अप्पांचं सगळं लिही.

तुझा,
विन्या