काकूंना चावतील अशा कुकीज

रॉचेस्टर, न्यूयॉर्क
२१ ऑक्टोबर

प्रिय विज्या,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. काकूंच्या दातांचं वाचून वाईट वाटलं, आणि त्यापुढचं वाचून जास्तच. चहाबरोबरचं बिस्किटसुद्धा आता त्या नको म्हणतात. बुडवलं तर कपात विरघळतं आणि कोरडं चावत नाही. दिवाळीच्या आधी ज्या बाईनं आपल्या हातात तूप, मैदा आणि पिठीसाखरेचे डबे देऊन आपल्याला बेकरीत पिटाळलं, आणि नानकटाईचे पत्रे भट्टीतून बाहेर येईपर्यंत तिथून हलू नका म्हणून बजावलं, तिची बशी रिकामी राहावी हे मला सहन होत नाही. म्हणून आज बैठक मारून लिहितोय. पत्र लांबणार. यात एक पाककृती आहे, पण नुसतं साहित्य आणि कृती असं तुला द्यायचं नाहीये. इथलं सफरचंद वेगळं, पीठ वेगळं, हवा वेगळी. कुठं काय का करायचं हे कळलं, तर तू तिथल्या तिथं हवा तो बदल करशील.

या कुकीज आमच्या विहीणबाईंच्या घरच्या. सूनबाईंचं माहेर इथून तासाभराच्या अंतरावर, ऑन्टॅरिओ सरोवराच्या दक्षिण काठावर. हा सगळा पट्टा सफरचंदाचा. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याच्या खालोखाल सफरचंद पिकतं ते न्यूयॉर्क राज्यात, आणि त्यातलं पुष्कळसं या काठावर. याचं श्रेय सरोवराला. हिवाळ्यात गारठलेलं एवढं अफाट पाणी वसंतात लवकर तापत नाही, त्यामुळं काठावरची हवा थंड राहते आणि झाडं फुलायची घाई करत नाहीत. उशिरा पडणाऱ्या दहिवरानं मोहोर जळण्याचा धोका त्यामुळं कमी होतो. शरदात उलट होतं. उन्हाळाभर तापलेलं पाणी थंडीला थोपवून धरतं आणि फळाला झाडावर पिकायला वेळ मिळतो. आपल्याकडच्या बागायतदाराला हे ऐकायला फार आवडेल.

विहीणबाईंच्या आईचं लहानपण अशाच एका बागेच्या कडेला गेलं. झाडाखाली गळून पडलेली फळं विक्रीला चालत नसत, मार लागलेली असत. त्यांचा रस काढायचा, मुरंबा करायचा, आणि उरलेल्यातून या कुकीज. शाळेच्या डब्यात त्याच, शेतावर कामाला आलेल्या माणसांच्या कॉफीबरोबरही त्याच. सांगायचा मुद्दा असा, की ही पाककृती मुळातच मऊपणासाठी आहे. रसदार फळ जास्त घालून पीठ कमी पुरवायचं, हा त्यामागचा हिशेब. कुणी म्हणेल की कुकी कुरकुरीतच हवी, नाहीतर ती कच्ची राहिली. तू ऐकू नकोस. ही पूर्ण भाजलेली असते आणि तरीही मऊ असते.

विहीणबाईंनी मला ते कार्ड दाखवलं. पत्र्याच्या छोट्या डबीत, आडव्या रेघांचं, तळहाताएवढं कार्ड. कोपऱ्यावर लोण्याचा पिवळा पारदर्शक डाग, त्यातून मागची अक्षरं उलटी दिसतात. मूळ मजकूर विहीणबाईंच्या आईचा, काळ्या शाईतला, सरळ ताठ अक्षरांचा. त्यावर विहीणबाईंनी निळ्या पेनानं एका ठिकाणी साखर कमी केलेली. आणि अगदी खाली आमच्या सूनबाईंनी शाळकरी वयात पेन्सिलीनं लिहिलेलं, ‘बेदाणे नकोत’. ते कुणी खोडलेलं नाही. कृती मात्र जेमतेम चार ओळींची. ‘नेहमीसारखं मिसळा, मऊ आहेत तोवर काढा’, संपलं. बाकीचं सगळं विहीणबाईंच्या हातात आहे आणि मी त्यांच्या शेजारी उभं राहून ते बघितलं, विचारलं, करून पाहिलं. तेच तुला देतोय.

आधी सफरचंद. कार्डावर नाव आहे नॉर्दर्न स्पाय. हे फळ इथलंच. रॉचेस्टरच्या दक्षिणेला ईस्ट ब्लूमफील्ड नावाचं गाव आहे, तिथं साधारण १८०० च्या सुमारास कनेक्टिकटहून आणलेल्या बियांतून हे झाड निघालं. झाड लावल्यावर फळ यायला दहा दहा वर्षं लागू शकतात, त्यामुळं नव्या बागांत कुणी फारसं लावत नाही. ऑक्टोबर निम्मा झाला की मिळायला लागतं. आंबटगोड, घट्ट, आणि भट्टीत गेल्यावरही त्याच्या फोडी फोडीच राहतात, पाणी पाणी होत नाहीत. विहीणबाई ते मिळेपर्यंत कुकीज करतच नाहीत. मला हा हट्ट मनापासून पटतो. हंगामाच्या फळाची वाट बघण्यात निम्मी चव असते. आपण हापूसच्या पहिल्या पेटीसाठी थांबतोच की.

तुला हे फळ मिळणार नाही, पण मार्केट यार्डात जे लाल सफरचंद येतं त्याचं मूळही इकडंच आहे, हे तुला माहीत आहे का? सॅम्युअल स्टोक्स नावाचा फिलाडेल्फियाचा तरुण १९०४ मध्ये कुष्ठरुग्णांची सेवा करायला शिमल्याच्या डोंगरात आला आणि तिथलाच झाला. १९१६ मध्ये त्यानं कोटगढजवळ ठाणेधारला अमेरिकन डिलिशियस जातीची झाडं लावली. पुढं असहकारात तुरुंगात गेला, हिंदू झाला, सत्यानंद नाव घेतलं. आज हिमाचलातून ट्रक भरभरून येतं ते रॉयल डिलिशियस त्याच घराण्यातलं. मला या माणसाविषयी फार आदर आहे, म्हणून राहवलं नाही. पण आपल्या कामाची गोष्ट अशी, की डिलिशियस गोड असतं, आंबटपणा कमी. आणि या कुकीजना आंबटपणा लागतो, नुसत्या चवीला नव्हे, तर सोडा फुलवायलाही. आम्ल पुरेसं नसेल तर खायचा सोडा तसाच शिल्लक राहतो आणि साबणासारखी चव लागते. म्हणून किसात एक चमचा लिंबाचा रस पिळ. घेताना किन्नौरचं मिळालं तर ते घे, ते उशिरा येतं आणि कडक असतं. कोल्ड स्टोरेजमधलं पिठूळ झालेलं फळ घेऊ नको, त्याला ना रस असतो ना वास.

दुसरी गोष्ट साखरेची, आणि इथं कोल्हापूरकराची चंगळ आहे. कार्डावर ब्राउन शुगर आहे. ब्राउन शुगर म्हणजे साधी साखर आणि तिला चोळलेली मळी, मोलॅसिस. तो चिकट भाग ओलावा धरून ठेवतो, म्हणून कुकी चार दिवस मऊ राहते. नुसत्या पांढऱ्या साखरेची केली तर कडेनं लवकर कडक होते. तुझ्याकडं काकवी आहे! मोलॅसिसपेक्षा काकवीची चव कितीतरी चांगली, कडवट अजिबात नाही. दीडशे ग्रॅम साखरेला एक मोठा चमचा काकवी घालून बोटांनी चोळ, ओलसर वाळूसारखी झाली की झालं. कार्डावर दोनशे ग्रॅम आहे, पण आपलं सफरचंद गोड, तेव्हा दीडशे पुरे.

आता प्रमाण सांगतो. काकू अंडं खात नाहीत, म्हणून बिनअंड्याचं देतोय. एक सफरचंद सोलून, फोडी करून, दोन चमचे पाण्यात झाकण ठेवून शिजव आणि चमच्यानं घोटून घे. हा पाव कप गर अंड्याच्या जागी. तो पूर्ण गार होऊ दे. ११५ ग्रॅम बटर, मऊ पण वितळलेलं नाही; बोट दाबलं की खळगा पडावा, इतकंच. वितळलं तर कुकीज ट्रेवर पसरतात. त्यात साखर घालून रंग फिका होईपर्यंत फेट, मग गर घालून फेट. वेगळ्या भांड्यात २५० ग्रॅम मैदा, पाऊण छोटा चमचा खायचा सोडा, अर्धा चमचा बेकिंग पावडर, एक चमचा दालचिनीची पूड, अर्धा चमचा ताजं किसलेलं जायफळ, चिमूटभर लवंग. बटर खारं असेल तर मीठ नको, नाहीतर अर्धा चमचा. इथं शरद आला की जिकडं तिकडं दालचिनीचा भडिमार असतो, फळाचा वासच मरतो. या घरात जायफळ पुढं आणि दालचिनी मागं. बासुंदीवर वाढलेल्या आपल्या जिभेला हे बरोबर वाटतं.

सफरचंद सगळ्यात शेवटी किसायचं. एक मोठं किंवा दोन लहान, एक कपभर किस. विहीणबाई निम्मं किसतात आणि निम्म्याचे बारीक तुकडे करतात. किस पिठात विरून जातो आणि मऊपणा देतो, तुकडे दाताखाली येतात. काकूंसाठी सगळंच कीस. आणि पिळू नको! दुधी पिळायची सवय असलेला हात आपोआप पिळायला जातो, पण इथं तो रस म्हणजेच दुधाच्या जागचं पाणी. किसून ठेवूनही देऊ नको, साखर लागली की फळ पाणी सोडायला लागतं. किसलं, लिंबू पिळलं, लगेच मैद्याबरोबर बटरच्या मिश्रणात. मैदा दिसेनासा झाला की हात थांबव. जास्त घोटलं तर मैदा चिवट होतो आणि काकूंना पुन्हा चावायचं काम. मिश्रण इतकं घट्ट हवं की चमचा उलटा धरला तर हलवल्याशिवाय पडू नये. फारच सैल वाटलं तर दोन चमचे मैदा वाढव.

अक्रोड काकूंसाठी वगळ, मुलांसाठी अर्धं मिश्रण बाजूला काढून त्यात घाल. बेदाणे कोमट पाण्यात भिजवून, टिपून घातले तर काकूंनाही चालतील. घालायचे की नाही, हा वाद विहीणबाईंच्या घरात तीन पिढ्या चालू आहे आणि मी बेदाण्यांच्या बाजूनं आहे.

तुमच्याकडच्या उकाड्यात मिश्रण अर्धा तास फ्रिजमध्ये ठेव. तोवर ओटीजी १८० अंशांवर, वरची खालची दोन्ही कॉइल लावून, पुरेसा तापू दे. ट्रेवर बटर पेपर, त्यावर मोठ्या चमच्यानं गोळे, मध्ये दोन बोटं अंतर, आणि ओल्या बोटांनी किंचित दाबायचं, कारण या आपणहून फार पसरत नाहीत. मधल्या कप्प्यात बारा ते चौदा मिनिटं. घड्याळापेक्षा कुकीकडं लक्ष दे. कड बदामी व्हायला लागली, वरची चकाकी गेली, आणि मधोमध बोट टेकवल्यावर ती हळूच वर आली, की काढ. त्या वेळी उचलायला गेलास तर मोडेल. पाच मिनिटं ट्रेवरच राहू दे, तेवढ्यात तळ घट्ट होतो, मग जाळीवर.

इथं त्यावर पिठीसाखर, लोणी आणि सफरचंदाच्या रसाचं पातळ लिंपण देतात, कुकी कोमट असतानाच. दिसायला छान, मला गोड लागतं. काकूंना मधुमेह नाही ही देवाची कृपा, पण तरी मी देणार नाही.

खाण्याच्या बाबतीत माझं स्पष्ट मत, पहिल्या दिवशीपेक्षा दुसऱ्या दिवशी. रात्रभरात फळातला ओलावा सगळीकडं सारखा पसरतो, कड आणि मध्य एकसारखे मऊ होतात, मसाला मुरतो. एकावर एक ठेवशील तर चिकटतात, मध्ये बटर पेपर घाल. पण इथल्यासारख्या ओट्यावर आठवडाभर ठेवू नको. आत ताजं फळ आहे आणि तुमच्याकडं हवा दमट, बुरशी येते. दोन दिवस डब्यात, पुढं फ्रिजमध्ये, आणि खायच्या आधी तव्यावर झाकण ठेवून मिनिटभर कोमट केल्या की पुन्हा जशाच्या तशा. मिश्रणाचे गोळे करून फ्रीजरमध्येही ठेवता येतात, हव्या तेव्हा चार काढायच्या आणि दोन मिनिटं जास्त भाजायच्या. काकूंसाठी हेच सोयीचं, रोज ताज्या.

विहीणबाईंना मी विचारलं, माझ्या मित्राला ही पाककृती पाठवू का. त्या म्हणाल्या, आईनं कधीच कुणाला नाही म्हटलं नाही, कार्डामागं बघ. मागं गावातल्या बायकांची नावं होती, ज्यांना ज्यांना तिनं उतरवून दिली त्यांची. त्यांनी तिथंच, माझ्यासमोर, काकूंचं नाव विचारून लिहून घेतलं. इंग्रजी अक्षरांत, स्पेलिंग मी सांगितलं. हे काकूंना नक्की सांग.

चहात बुडवली तरी ती तुटून कपात पडत नाही, घट्ट धरून राहते, हे मी मुद्दाम बघितलंय. केल्या की लगेच लिही. मिश्रण किती सैल झालं होतं, ओटीजीत नेमकी किती मिनिटं लागली, आणि काकवी कुठल्या गुऱ्हाळाची होती. फोटो पाठवशील तर तोडलेल्या कुकीचा आतला भाग दिसू दे, त्यावरून मला कळेल पुढच्या वेळी लिंबू वाढवायचं की कमी करायचं. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, काकूंच्या पायावर डोकं.

तुझा,
नंदू